गाडी उभी आहे ती जागा कुणाची?

या महिन्यात पार्किंगवर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, ज्यांची पत्रं राहिली त्यांनी कृपया राग मानू नका. नगररचनेच्या कामात माझी तीस वर्षं गेली आणि या विषयावर मला मनापासून बोलायचं असतं, त्यामुळे उत्तरं थोडी लांबलीत.

प्रश्न : नमस्कार ताई. मी आणि सौ. यंदा चार महिने लेकाकडे ह्यूस्टनला होतो. एका रविवारी तो आम्हाला डाउनटाउनमधलं त्याचं ऑफिस दाखवायला घेऊन गेला. वरच्या मजल्यावरून खाली बघितलं तर उंच उंच बिल्डिंगांच्या मधे मधे डांबराचे मोठे मोठे चौकोन, पांढऱ्या रेघा मारलेले, आणि त्यावर एकही गाडी नाही. एवढं श्रीमंत शहर, ऐन मध्यभागी जमीन अशी रिकामी का ठेवतात? किती जमीन जाते यात, कुणी मोजलंय का? *(निवृत्त शिक्षक, सातारा)*

उत्तर : मोजलंय काका. पार्किंग रिफॉर्म नेटवर्क नावाची संस्था आहे तिकडे, त्यांनी वरून काढलेले फोटो बघून अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या मध्यभागातली पार्किंगची एकेक जागा नकाशावर रंगवली. सरासरी आली साधारण २२ टक्के. म्हणजे शहरातली सगळ्यात महागडी, सगळ्यात मोक्याची जी जमीन, त्यातल्या पाच एकरांतला एकाहून जास्त एकर फक्त गाड्या उभ्या करायला. आणि यात रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्या धरलेल्याच नाहीत. तुमचं ह्यूस्टन पाव हिश्श्याच्या आसपास आहे, डेट्रॉइट ३० टक्क्यांच्या आसपास, आणि टेक्सासमधलंच आर्लिंग्टन ४२ टक्के. त्या आर्लिंग्टनला मोठमोठी स्टेडियम आहेत पण ठरलेल्या मार्गावरून धावणारी साधी बससेवा नाही, मग येणारा प्रत्येक माणूस गाडी घेऊनच येणार आणि ती कुठेतरी ठेवणार, दुसरं काय करेल तो. उलट शिकागो, सॅन फ्रान्सिस्को इथे हाच आकडा अगदी थोडा आहे. श्रीमंती तिकडेही तेवढीच आहे, तेव्हा हा पैशाचा प्रश्न नाही.

आता का, ते सांगते. एक गाडी म्हणजे जागा किती, हे आधी बघा. गाडी स्वतः उभी राहते साधारण ९ बाय १८ फुटांत, पण ती आत यायला, वळायला, बाहेर पडायला रस्ता लागतो, तो धरून एका गाडीमागे ३०० ते ३५० चौरस फूट जातात. आपल्याकडे एवढ्यात वन रूम किचन बसतं आणि त्यात अख्खं कुटुंब राहतं. अमेरिकेत कित्येक ठिकाणी १००० चौरस फूट ऑफिस बांधलं की ४ गाड्यांची जागा द्यायचीच असा नियम असायचा, म्हणजे १००० फूट माणसांना आणि १२०० ते १४०० फूट गाड्यांना, गुणाकार करून बघा तुम्हीच, गाड्यांची जागा माणसांच्या जागेपेक्षा मोठी होते. या सक्तीची सुरुवात १९२३ साली ओहायोतल्या कोलंबस शहरात झाली, अपार्टमेंटसाठी. मग १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोने हॉटेलं आणि हॉस्पिटलांना लावली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर एका शहराचा तक्ता दुसऱ्या शहराने उतरवून घ्यायचा असंच चाललं. प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी अख्खं आयुष्य हे आकडे आले कुठून ते शोधण्यात घालवलं, २०२५ मध्ये ते गेले. त्यांचं म्हणणं असं की बहुतेक आकड्यांमागे कसलाही अभ्यास नव्हता, आणि पार्किंग फुकट असलं तरी त्याचा खर्च कुणीतरी भरतोच, घरभाड्यातून, किराणा मालाच्या किमतीतून, आणि ज्याच्याकडे गाडीच नाही तोसुद्धा भरतो.

पण ह्यूस्टनच्या डाउनटाउनचं प्रकरण जरा वेगळं आहे बरं का. तिथे खुद्द डाउनटाउनला ही सक्ती नव्हतीच, बाकीच्या शहराला होती. मग ते डांबर आलं कुठून? १९४० साली तिथली ट्राम बंद झाली, मग मध्यभागाला वेढा घालणारे फ्रीवे आले, लोक लांब लांब राहायला गेले आणि गाडीने यायला लागले. त्यात १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला, जुन्या दोन-तीन मजली बिल्डिंगा पाडून जागा मोकळ्या केल्या की उद्या इथे टॉवर उभा राहील, आणि १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले. टॉवर आलाच नाही. जमीन तशीच राहिली, मालकाने रेघा मारल्या आणि गाड्या लावायला दिली. यात मालकाला तोटाही नाही, कारण तिकडे मालमत्ता कर जमीन अधिक बांधकाम असा दोन्हींवर बसतो, बांधकाम नाही तर कर कमी. एक माणूस केबिनमधे बसवायचा, पैसे गोळा करायचे, आणि जमिनीचा भाव वाढायची वाट बघायची. जो बांधतो त्याला जास्त कर आणि जो पाडून ठेवतो त्याला कमी, हे उलटंच झालं ना. डेट्रॉइटच्या महापौरांनी २०२३ मध्ये म्हणूनच प्रस्ताव आणला होता की बांधकामावरचा कर उतरवा आणि जमिनीवरचा चढवा.

डेट्रॉइटचा विषय निघालाच आहे तर तिथली एक जागा सांगते. मिशिगन थिएटर म्हणून १९२६ सालचं नाट्यगृह होतं, चार हजारांच्या आसपास खुर्च्या, छताला प्लास्टरची नक्षी, कमानी, सोनेरी कलाकुसर. प्रेक्षक कमी झाले, थिएटर बंद पडलं, शेजारच्या ऑफिसच्या बिल्डिंगला पार्किंग पाहिजे होतं, पण थिएटर पूर्ण पाडलं तर त्या बिल्डिंगला धोका होता, म्हणून १९७७ च्या सुमाराला खुर्च्या काढून आतच तीन मजली पार्किंग बांधलं. आजही तिथे वरच्या मजल्यावर गाडी लावून खाली उतरलं की डोक्यावर ती फुटलेली नक्षी दिसते, पडद्याची कमान दिसते, आणि खाली ऑइलचे डाग. आणि ही जागा कुठली, तर हेन्री फोर्डने १८९६ साली ज्या शेडमधे आपली पहिली गाडी जुळवली ना, ती शेड याच जागेवर होती. मी पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले होते. आपल्या गावचं नाट्यगृह असं झालं तर आपल्याला काय वाटेल, एवढंच डोक्यात येत होतं.

प्रश्न : एकदा डांबर झालं की झालं, की कुठल्या शहराने ती जमीन परत मिळवलीय? *(आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, नाशिक)*

उत्तर : मिळवलीय गं, आणि ही उदाहरणं तुझ्या अभ्यासात असलीच पाहिजेत. ऑरेगन राज्यातलं पोर्टलंड घे. मध्यभागी पोर्टलंड हॉटेल नावाचं जुनं देखणं हॉटेल होतं, ते १९५१ मध्ये पाडून तिथे दुमजली पार्किंग केलं, शेजारच्या मोठ्या दुकानाच्या गिऱ्हाइकांसाठी. पुढे दुकानाला तिथेच आणखी मोठं पार्किंग हवं होतं, लोकांनी विरोध केला, शहराने जागा घेतली, पैसे कमी पडत होते म्हणून लोकांनी एकेक वीट विकत घेतली आणि त्या विटेवर आपलं नाव घातलं. १९८४ मध्ये तिथे चौक झाला, पायोनियर कोर्टहाऊस स्क्वेअर. आज लोक तिथे पायऱ्यांवर बसून डबा खातात, शेजारून ट्राम जाते. ह्यूस्टनमधेही कन्व्हेन्शन सेंटरसमोर असेच पार्किंगचे चौकोन होते, तिथे २००८ मध्ये १२ एकरांची डिस्कव्हरी ग्रीन बाग झाली, गाड्या बागेच्या खाली गेल्या. (सातारचे काका, पुढच्या खेपेला नातवंडांना तिथे नक्की न्या.)

नियमही बदलतायत. बफेलोने २०१७ मध्ये पार्किंगची किमान सक्ती शहरभर काढली, ऑस्टिनने २०२३ मध्ये काढली, कॅलिफोर्नियात २०२३ पासून मोठ्या बस किंवा रेल्वे स्टॉपपासून अर्ध्या मैलात बांधलं तर शहराला सक्ती करता येत नाही. लंडनने २००४ मधेच काढली होती. आणि मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये नियम उलटाच केला, किमान इतकं द्या याच्या जागी कमाल इतकंच देता येईल. मला त्यात आवडणारी गोष्ट अशी की १९५६ मध्ये डेट्रॉइटची शेवटची ट्राम बंद झाली तेव्हा तिथल्या चांगल्या धडधाकट ट्रामगाड्या याच मेक्सिको सिटीने विकत नेल्या होत्या.

सक्ती काढली म्हणजे पार्किंगवर बंदी आली असं नाही हं, हे लक्षात ठेव, परीक्षेतही लोक इथेच चुकतात. ज्याला बांधायचंय त्याने बांधावं, पण ज्याला नको त्याच्या गळ्यात मारू नये, एवढंच.

प्रश्न : ताई, आमचं लक्ष्मी रोडला कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं गाडी लावायला जागा नाही म्हणून आम्ही मॉलला जातो. महापालिकेने पेठांमधे अजून चार-पाच मल्टिलेव्हल पार्किंग बांधली तर प्रश्न सुटणार नाही का? *(दुकानदार, पुणे)*

उत्तर : दादा, तुमची अडचण खरी आहे, पण या उपायाने ती सुटेल असं मला वाटत नाही, आणि तुमच्या धंद्याचा विचार करूनच हे सांगतेय.

आधी अमेरिकेत आणि आपल्यात फरक काय ते बघा. त्यांनी बिल्डिंगा पाडून गाड्यांना जमीन दिली. आपल्याकडे पेठांमधे पाडायला तेवढी जागाच नव्हती म्हणून आपण रस्ताच दिला. पुण्यात २०१८ मध्येच नोंदणी झालेल्या गाड्या ३६ लाखांच्या पुढे गेल्या होत्या आणि लोकसंख्या धरली होती साधारण ३५ लाख. या गाड्या रात्री कुठे झोपतात? बहुतेक रस्त्यावर. लक्ष्मी रोड, केळकर रोड, टिळक रोड, कुठेही बघा, दोन्ही कडांनी टू-व्हीलरची रांग, कुठे पी वन पी टू म्हणून सम-विषम तारखेचा हिशोब, आणि मधे जी काही पट्टी उरते त्यातून बस, रिक्षा, हातगाडी, माणूस सगळे. आपलं पार्किंग कुठल्याच नकाशावर रंगवलेलं दिसणार नाही कारण ते रस्त्यावर पसरलंय, पण जमीन तर गेलीच ना.

गेल्या दिवाळीच्या आधी एका शनिवारी मी सकाळी साडेदहाला लक्ष्मी रोडवर होते, शटर वर जात होती. त्या वेळी ज्या टू-व्हीलर येऊन लागल्या त्यातल्या कित्येक कुणाच्या होत्या माहितीये? दुकानात काम करणाऱ्या मुलामुलींच्या आणि काही मालकांच्या. एक निळी ॲक्टिव्हा, हँडलला डब्याची पिशवी अडकवलेली होती, पोरगी आठवणीने परत येऊन पिशवी घेऊन गेली. संध्याकाळी सात वाजता मी परत त्याच रस्त्याने आले तर ती ॲक्टिव्हा तिथेच. दिवसभरात त्या एका जागेवर दहा-बारा गिऱ्हाइकं येऊन गेली असती. त्या मुलीचा काही दोष नाही, तिला कामावर यायचंच आहे आणि रस्ता फुकट आहे, मग ती तिथेच लावणार.

आणि म्हणूनच नवीन बिल्डिंग बांधून भागत नाही. मंडईजवळ मिसाळ, आर्यन, बाबू गेनू असे वाहनतळ आहेतच. पण खाली रस्त्यावर फुकट जागा मिळण्याची पाच टक्के जरी आशा असली ना, तरी माणूस पैसे देऊन वर चढत नाही, तो गल्लीला तीन फेऱ्या मारतो. त्या फेऱ्यांनीच निम्मी गर्दी झाल्यासारखी वाटते. शूप यांचं उत्तर साधं होतं, रस्त्यावरच्या जागेला एवढाच दर लावा की प्रत्येक रांगेत एक-दोन जागा कायम मोकळ्या राहतील, आणि तो पैसा त्याच रस्त्यावर खर्च करा, फुटपाथ, दिवे, स्वच्छतागृह. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून हे करून बघितलं, जिथे गर्दी तिथे दर वर, जिथे रिकामं तिथे दर खाली. पुण्याच्या महापालिकेनेही मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं होतं, त्यावर मोठा विरोध झाला, शेवटी प्रायोगिक म्हणून पाच रस्ते एवढ्यावर आलं आणि पुढे सरकलंच नाही. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं, कारण विरोध करणाऱ्यांत तुमच्यासारखे दुकानदार पुढे होते आणि त्या धोरणाचा सगळ्यात जास्त फायदा त्यांनाच होणार होता.

एक काम करा. एक दिवस दुकानासमोरच्या जागा स्वतः मोजा, दर तासाला एकदा, कुठली गाडी किती वेळ उभी आहे ते वहीत लिहा. आजूबाजूच्या दहा दुकानांनी मिळून असं केलं, स्टाफच्या गाड्या वाहनतळात लावून त्याचा मासिक पास दुकानाने काढून दिला, तरी गिऱ्हाइकाला जागा मिळेल, महापालिकेची वाट बघावी लागणार नाही. आता मंडईला मेट्रोचं स्टेशनही झालंय, सप्टेंबर २०२४ पासून. तुमच्या पिशवीवर दुकानाचा पत्ता छापता तिथे "मंडई मेट्रोपासून चालत अमुक मिनिटं" हेही छापा की.

प्रश्न : बिल्डर ओपन पार्किंगचे वेगळे तीन लाख मागतोय, द्यावे का? *(ठाणे)*

उत्तर : नाही. उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला विकता येत नाही, ती सोसायटीची सामाईक जागा असते. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात, आपल्या महाराष्ट्रातल्याच एका सोसायटीच्या केसमधे, ओपन आणि स्टिल्ट (बिल्डिंगखाली खांबांच्या मधलं) पार्किंग फ्लॅटसारखं वेगळं विकता येणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. रेरा हा घरबांधणीचा कायदा आल्यापासून बंदिस्त, छत असलेल्या पार्किंगचे पैसे घेता येतात, पण मग त्याचा नंबर, लांबी-रुंदी, उंची सगळं करारात पाहिजे. तोंडी काही मान्य करू नका.

प्रश्न : जपानमधे म्हणे पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय गाडीच घेता येत नाही. आपल्याकडेही २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक असंच म्हणाले होते. हे यावं का? *(कोल्हापूर)*

उत्तर : जपानचा कायदा १९६२ पासून आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत तुमच्याकडे जागा आहे असा दाखला पोलिसांकडून आणायचा, पोलीस येऊन मोजूनही जातात, मग गाडी नावावर होते. पण तिथे हे चालतं कारण गाडी रात्रभर रस्त्यावर ठेवायलाच बंदी आहे आणि ती बंदी खरोखर पाळली जाते, आणि गाडी नसली तरी ट्रेनने कुठेही जाता येतं. म्हणून टोकियोच्या गल्ल्या एवढ्या अरुंद असून मोकळ्या दिसतात, पोरं एकटी चालत शाळेत जातात.

माझं मत, कल्पना योग्य आहे, कारण गाडी ठेवायची जबाबदारी गाडी घेणाऱ्याची हे तत्त्व मला पटतं. पण नुसता दाखला आणला आणि रस्त्यावर फुकट लावायची मुभा तशीच ठेवली तर लोक मामाच्या, मित्राच्या जागेचा कागद जोडतील आणि गाडी परत रस्त्यावरच येईल. आणि कोल्हापुरात महाद्वार रोडला काय किंवा इतर गावांत काय, संध्याकाळी सातनंतर बसच नसेल तर माणूस गाडी घेणारच. तेव्हा आधी बस वाढवा, रस्त्यावरच्या जागेला दर लावा, आणि मग दाखला मागा, या क्रमाने.

प्रश्न : ताई, मी ७४ वर्षांची आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तुम्ही पार्किंग कमी करा म्हणता, मग आमच्यासारख्यांनी बाजारात यायचंच नाही का? *(सदाशिव पेठ, पुणे)*

उत्तर : काकू, तुमच्या पत्राने मला माझी आई आठवली. तिचंही ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, आणि घरापासून देवळापर्यंत चारशे पावलं नसतील. पण फुटपाथवर टू-व्हीलर चढवून लावलेल्या, म्हणून ती खाली उतरायची, फुटपाथ उंच म्हणून उतरताना माझा खांदा धरायची, पुढे दोन गाड्यांच्या मधून परत वर चढायचं, की परत उतरायचं. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, नको बाई, मी घरातच फेऱ्या मारते. ती घरातल्या घरात चालायला लागली ती गाड्यांमुळेच.

म्हणून सांगते, ज्यांना खरंच दारापर्यंत गाडी लागते त्यांच्यासाठी जागा राखून ठेवायलाच पाहिजे, अगदी दुकानाच्या, दवाखान्याच्या तोंडाशी, निळ्या पट्ट्याची, आणि तिथे दुसऱ्या कुणी लावली तर लगेच दंड. आज ती जागा तुम्हाला मिळत नाही कारण तिथे कुणाची तरी गाडी सकाळपासून उभी असते. रिक्षाला दोन मिनिटं थांबून तुम्हाला नीट उतरवून द्यायलासुद्धा जागा नसते, तो मधेच थांबतो आणि मागून हॉर्न सुरू होतात. गाड्यांनी दिवसभर अडवलेल्या जागा सुटल्या तर पहिली सोय तुमचीच होईल.

डिसेंबरच्या ११ तारखेला महापालिका लक्ष्मी रोडवर पादचारी दिन करते, २०२१ पासून, नगरकर तालमीच्या चौकापासून गरुड गणपतीपर्यंत रस्ता गाड्यांना बंद असतो. त्या दिवशी जमलं तर या. बसायला बाकं, खुर्च्या मांडलेल्या असतात. मीही सकाळी असते तिथे, भेटलात तर सोबत चालू, तुमच्या वेगाने.